लोणीला गेला

माझ्या नातीच्या पात्राचे आईबाप पहिल्याच ओळीत मेले. राक्षसांनी गाव जाळलं, त्यात गेले, एवढं सांगून तिने बिस्किट चहात बुडवलं. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सनाची मित्रमंडळी जमतात, जेवणाच्या टेबलावर कागद पसरतात, जांभळे-निळे फासे खुळखुळतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन ठरवतात, की दार उघडायचं का, पूल ओलांडायचा का. जमलं की फसलं ते फासा सांगतो. हा खेळ आपणच पुण्यात आणला असा सनाच्या मित्रांचा समज आहे आणि मी तो मोडत नाही, पेपर तोंडापुढे धरून बसतो. परवा मात्र सनाने गळच घातली. "नाना, प्लीज ना, बॅकस्टोरी सुचत नाहीये. तुम्ही पण खेळायचात ना पूर्वी?" मी विचारलं, बाकीच्यांच्या आईबापांचं काय? तर एकाचे समुद्रात बुडालेले, एकीच्यांवर विषप्रयोग, आणि एकाला ते कोण होते हेच ठाऊक नाही. म्हटलं, अरे, हा शूरवीरांचा जथा आहे की अनाथाश्रम? आई जिवंत ठेव. "पण मग ट्रॅजिक कसं होणार?" सना म्हणाली. आता काय सांगणार, कप्पाळ! ते टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहायला बसलो आहे.

आमचं घर कसबा पेठेत होतं. अब्बांचं बाइंडिंगचं दुकान तिथून थोडं लांब, पुस्तकांच्या बाजारात. खळीचा वास अब्बांच्या अंगाला इतका मुरलेला होता की ते जिना चढायला लागले की अम्मी न बघता चहाचं आधण ठेवायची. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर विनय राहायचा. दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी, आणि गॅलरीत उभं राहिलं की तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची ठोकाठोक दिवसभर कानावर पडायची. पाहुण्यांना ती सहन व्हायची नाही. आम्हाला ती थांबली की चुकल्यासारखं वाटायचं. विनयचे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत कारकून होते आणि घरीही कचेरीत असल्यासारखेच गप्प असायचे. आई, म्हणजे आमच्या काकू, मूळच्या लोणी काळभोरच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न करून पुण्यात आल्या आणि इथली भाषा अशी काही उचलली, की भाजीवालासुद्धा त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरायचा. विनय त्यांचा एकुलता एक.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला विनयच्या दोन्ही किडन्या बिघडल्या. सकाळी त्याचा चेहरा सुजलेला असायचा आणि संध्याकाळपर्यंत ती सूज पायात उतरायची. काकू आपली किडनी द्यायला निघाल्या होत्या, पदर खोचून, जसं काही शेजारणीला वाटीभर साखरच द्यायची आहे. ती जुळली नाही. अण्णांची जुळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांना स्वतःलाच साखरेचा आजार. मग पाणी मोजून, औषधं, आणि अळणी जेवण. काकूंनी त्या दिवसापासून घरातलं मीठच बंद केलं, सगळ्यांचं. पोरगं एकटं अळणी खाणार आणि आम्ही समोर बसून चवीचं गिळणार, हे मला जमायचं नाही, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली, झालं. आम्ही मित्र गेलो की आम्हालाही तेच पोहे. हळद, मोहरी, कोथिंबीर, वरून खोबरं, लिंबू, सगळं साग्रसंगीत, आणि मीठ नाही. पहिल्या घासाला जीभ वेडावल्यासारखी व्हायची. पण काकू समोर उभ्या असायच्या, तेव्हा "वा!" म्हणून खायचे.

अशात विनयचा अमेरिकेतला चुलतभाऊ येऊन गेला आणि जाताना त्याच्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फाशांची पिशवी ठेवून गेला. पुस्तकाचं कव्हर फाटलेलं, पानं सुटलेली. मी ते अब्बांकडे नेलं. अब्बांनी पानं चाळली, राक्षसांची चित्रं बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ये क्या रे? भूतां की किताब?" मी म्हटलं, विनयची आहे. मग दुकानात होतं ते सगळ्यात चांगलं लाल कापड त्यांनी त्याला चढवलं. झालं असं, की पुस्तक पोथीसारखं दिसायला लागलं, आणि त्या दसऱ्याला काकूंनी ते पाटीपूजनात मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. विनय हसता हसता खोकायला लागला. "आई, पान उलटून बघ तरी. आतला देव चार हातांचा नाही, चार तोंडांचा आहे, आणि माणसं खातो." काकू म्हणाल्या, "असू दे. तुझं मन रमवतोय ना? मग माझ्या दृष्टीने देवच."

खेळायला आम्ही तिघं, विनय, मी आणि पक्या. पक्या म्हणजे प्रकाश, तालमीत जाणारा, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पुस्तक इंग्रजी, पण खेळ आम्ही मराठीत खेळायचो. पक्याला इंग्रजीत मार खायचा नव्हता. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार, आणि सूत्रधार कायम विनय, कारण पुस्तक त्यानेच अंथरुणावर पडून पाठ केलं होतं. पात्राच्या अंगात किती जीव शिल्लक आहे याचा एक आकडा असतो. त्याला विनयने शब्द काढला, धुगधुगी. "सल्या, तुझ्या राजपुत्राची धुगधुगी किती राहिली?" असं तो विचारायचा. मला अजून तो शब्द दवाखान्यात कुणी वापरला तर दचकायला होतं.

माझं पहिलं पात्र राजपुत्र होतं. गोरा, उंच, तलवारीत पटाईत, कशालाच न भिणारा. विनयने कागद वाचला आणि परत दिला. "हा माणूस आहे की किराणा दुकानातलं कॅलेंडर?" मग उशीला टेकून बसला आणि मला धडे द्यायला लागला. आकडे शेवटी लिही म्हणाला, आधी हा चहा कसा पितो ते सांग, बशीत ओतून की फुंकून. याला लाज कशाची वाटते? खिशात काय आहे, आणि त्याचा काही उपयोग नसताना तो ते का टाकत नाही? मी म्हटलं, एवढं सगळं कशाला, त्याला राक्षसच मारायचाय ना? विनय म्हणाला, "राक्षस काय, फासा मारेल. पण तो मेला तर मला वाईट वाटलं पाहिजे. तुझा हा राजपुत्र मेला तर मी दुसरा कप चहा मागेन." आणि मग त्याने जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. पात्राला आधी घर दे. घरात वाट बघणारं कुणीतरी दे. आणि मग त्याला त्या घरातून उठवेल असं कारण दे. कारण नसलं, तर ते उंबऱ्यावर बसून राहतं आणि सूत्रधाराचं डोकं खातं. मी खूप विचार करून राजपुत्राचा शिंपी केला, अंधाराला घाबरणारा, मेलेल्या बहिणीचं अंगुस्तान खिशात बाळगणारा. विनयने ते वाचून नुसती मान हलवली. एवढी शाबासकी मला कुठल्या प्राध्यापकाने दिली नाही.

पक्याला यातलं काहीही पटायचं नाही. त्याचा प्रत्येक गडी पैलवान, आणि प्रत्येक पैलवान पहिलं दार दिसलं की लाथ मारून आत घुसायचा. त्यामुळे मरायचाही पहिला. एका दुपारी असाच तो सापाच्या विहिरीत पडला आणि आम्ही दोघं बोंबललो, "मेला! मेला!" स्वयंपाकघरातून काकू हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. आम्ही तिघंही धडधाकट, म्हणजे जितपत होतो तितपत, बसलेले दिसलो तेव्हा त्या खाली बसल्या. "कोण मेला?"

"अहो काकू, माझा पैलवान," पक्या म्हणाला. "खोटा खोटा मेला."

"खोटा असो नाहीतर खरा. या घरात तो शब्द काढायचा नाही. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, त्याला काय कळणार तुमचा कुठला खोटा आणि कुठला खरा?"

"मग काय म्हणायचं?" विनयने विचारलं.

"गावाला गेला म्हणा."

विनयचे डोळे चमकले. "आपलं गाव कुठलं? मामाचं. म्हणजे लोणीला गेला!" काकूंना हसू आवरेना. कारण लोणीचे मामा दर पंधरा दिवसांनी भाजीची पिशवी घेऊन यायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "ताई, पोराला धाड की आमच्याकडं. हवा चांगली हाय, हिरवं रान हाय. चार दिवसांत ताठ व्हतंय बघ." आणि काकू दर वेळी नाही म्हणायच्या, तिथून दवाखाना लांब पडतो म्हणून. त्या दिवसापासून आमच्या खेळात कुणी मेलं नाही. पक्याचे पैलवान एकामागून एक लोणीला गेले. राक्षस लोणीला गेले, एक अख्खं सैन्य लोणीला गेलं. "मामाचं शेत आता पुरायचं नाही," विनय म्हणायचा. काकू आतून ओरडायच्या, "आज कोण गेलं रे लोणीला?" आणि पक्या कळवळून सांगायचा, "मीच, काकू, दुसरं कोण?" धुगधुगी या शब्दाला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. धुगधुगी म्हणजे निदान आहे तरी, असं असावं.

त्या उन्हाळ्यात विनय फार खालावला. बोलता बोलता डोळा लागायचा. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, आणि तो आम्हाला गंमत म्हणून दाखवायचा. भुसावळला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं आणि आजोबाही आजारी होते, म्हणून अम्मीबरोबर मला महिनाभर जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी गेलो तर तो उठून बसला होता. म्हणाला, "सल्या, मी आजवर सगळ्यांना नाचवलं. माझं स्वतःचं पात्र एकदाही झालं नाही. आता मला एक माणूस करायचाय. तू सूत्रधार हो."

मी उडालोच. मला कुठे येतंय म्हटलं. "येईल. गोष्ट घेऊन ये भुसावळहून. तोवर मी माणूस तयार ठेवतो." मग त्याने तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं योद्धा करेल, नाहीतर जादूगार. त्याने केला मीठ विकणारा. नाव खारोबा. बैलावर मिठाच्या गोण्या घालून गावोगाव हिंडायची त्याची इच्छा. गालात सदोदित मिठाचा खडा. चहातसुद्धा मीठ टाकून पितो. नदीला भितो, कारण नदीत पडला तर सगळा माल विरघळेल. "आणि घरी वाट बघणारं?" मी विचारलं, त्याचाच धडा त्याला. "आई," तो म्हणाला. "पण वाट बघायची वेळच येत नाही. ती त्याला घराबाहेर सोडतच नाही." स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज थांबला होता. मी म्हटलं, मग निघतो कसा? कारण काय? विनयने उशीवर डोकं टेकलं. "ते तू आल्यावर सांगतो. मस्त आहे. तुझी सगळी गोष्ट बदलून टाकेल." मी निघताना "जातो रे" म्हणालो तर काकू आतून म्हणाल्या, "येतो म्हण."

भुसावळच्या त्या उकाड्यात, लग्नाच्या गर्दीत, मी खारोबासाठी गोष्ट रचत होतो. असं एक राज्य, जिथे राजाने मिठावर बंदी घातली आहे. लोकांच्या जिभेची चवच गेली आहे, पोरं रडतात ती अश्रूंची चव बघायला. एक कोरडी नदी ठेवली, म्हणजे त्याला ओलांडायला भीती वाटू नये, आणि गोष्टीच्या मध्यावर तिला पाणी सोडायचं ठरवलं. अम्मी म्हणायची, हा पोरगा एकटाच काय पुटपुटतो, नजर लागली की काय. मला एकच घाई होती, परत जाऊन त्याला हे ऐकवायची आणि ते कारण ऐकायची. फोन तेव्हा ना आमच्याकडे ना त्यांच्याकडे, आणि अब्बा पत्र लिहिणाऱ्यांतले नव्हते. पुण्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं.

आजोबा बरे होईनात म्हणून अम्मी मागे राहिली आणि मी एकटा परत आलो. सकाळी घरी पोचलो, अब्बा दुकानात गेले होते. पिशवी टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि समोरचा जिना चढलो. दार काकूंनी उघडलं. नेहमीचीच साडी, कपाळावर नेहमीचंच कुंकू, फक्त वाळल्या होत्या. अण्णा कचेरीत. कॉट भिंतीला उभी केलेली होती आणि खोली मोठी वाटत होती. मी विचारलं, "विनय कुठाय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "लोणीला गेला," त्या म्हणाल्या. "बस. पोहे करते."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी मामांनी नेलं तर! एवढा प्रवास झेपला म्हणजे सुधारणा आहे. कॉट उभी केली, बरोबरच आहे, तो नाही तर जागा कशाला अडवायची? मी लग्नाच्या गमती सांगत सुटलो, काकू पाठमोऱ्या कांदा चिरत होत्या. पोह्यांचा पहिला घास घेतला आणि मी ओरडलो, "काकू! मीठ!" "हो," त्या म्हणाल्या. "आता घालते." मी म्हटलं, बरोबर, तो घरात नाही तोवर तुम्ही खाऊन घ्या. आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. आज वय झालं, डॉक्टरने मलाही मीठ कमी करायला सांगितलंय, आणि सून ताटात मीठ वाढायला विसरली तर मी मागत नाही. पण त्या पोह्यांची चव जिभेवरून जात नाही.

जिना उतरलो तो तसाच हडपसरच्या बाजूला, मिळेल त्या बसने लोणीला. रस्त्यात मी ठरवत होतो की मळ्यातच खेळू, आंब्याखाली. मामांचं घर विचारत गेलो. मामा गोठ्यात वैरण टाकत होते. मला बघून हातातला भारा तसाच धरून उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, विनय झोपलाय का?"

त्यांनी मग भारा खाली ठेवला, मला ओट्यावर बसवलं, आतून तांब्या आणून हातात दिला. "ताईनं काय सांगितलं तुला?"

"लोणीला गेला म्हणाल्या."

मामांनी टॉवेल तोंडावर दाबला. खांदे हलायला लागले. "आरं पोरा," ते म्हणाले, "गेला रं तो. तू गावाला गेलास त्याच आठवड्यात. दवाखान्यातच. तेरावं होऊन गेलं की." मग एकदम घाबरून माझा दंड धरला. "ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय का रं? पोरगं माज्याकडं हाय असं वाटतंय व्हय तिला? चल, मी येतो संगं."

तेव्हा मला कळलं, आणि मी मामांच्या गोठ्यासमोर लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो. विनय गेला म्हणून रडलो, आणि तो नाही म्हणून मीठ पडलेले पोहे मी मिटक्या मारत पुन्हा मागून खाल्ले म्हणूनही. मध्येच मामांना सांगत होतो, "नाही मामा, काकूंचं डोकं ठीक आहे. त्यांना सगळं माहीत आहे. ती आमची भाषा आहे." त्यांना ते कसं कळणार? ते मला पाठीवर थोपटत राहिले. मामी भाकरी घेऊन आली, ती मला गिळवली नाही.

परत आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. काकू गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. ठोकाठोक चालूच होती. मी दारात उभा राहिलो, माझ्या तोंडाकडे बघूनच त्या म्हणाल्या, "रागावू नकोस. सगळ्यांना अण्णांनी सांगितलं. तू आलास तेव्हा मी एकटी होते, आणि माझ्या तोंडात दुसरा शब्द येईना." मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्या खडे वेचून बाजूला टाकत होत्या.

"तो खारोबा," मग त्या म्हणाल्या. "शुद्धीत होता तोवर त्याचंच बोलत होता. आई सोडत नाही म्हणे त्याला घरातून."

"हो."

"मग निघतो कशासाठी?"

"ते सांगायचं राहिलं, काकू. मी आल्यावर सांगणार होता."

"म्हणजे अजून निघालेला नाही?"

"नाही."

"आणि धुगधुगी?"

"आहे. सगळीच्या सगळी आहे."

काकूंनी सूप खाली ठेवलं आणि माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बोटांचे वळ उठले. "मग तू त्याला काढू नकोस बाहेर," त्या म्हणाल्या. "तुझी गोष्ट चांगली असेल, मला ठाऊक आहे. पण नको काढूस."

मी नाही काढलं. मिठावर बंदी असलेल्या त्या राज्याची गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. पुस्तक काकूंनी ठेवून घेतलं, आणि त्या होत्या तोवर दर दसऱ्याला त्यावर फूल असायचं. पक्याने पुन्हा फासा हातात धरला नाही. परवा सनाने शेवटी आई जिवंत ठेवली, जरा कुरकुरत का होईना, आणि मग सगळे माझ्या मागे लागले. "नाना, तुमचा सगळ्यात जुना कॅरेक्टर कुठला? कसा मेला तो?" मी म्हटलं, माझा नव्हे, माझ्या मित्राचा. आणि मेलेला नाही. गोण्या भरलेल्या आहेत, बैल दारात उभा आहे, गालात मिठाचा खडा आहे. आई सोडत नाही.